वीस चिरे आणि फोंडा घाट: एका आंबा बागायतदार कुटुंबाने विजेची पिकअप का घेतली नाही

हे प्रकरण देवगड तालुक्यातल्या एका वाडीचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र कुटुंबाच्या वहीतले आहेत. मी त्यांचा लांबचा नातेवाईक. डिझेल इंजिन शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, तेव्हा माझा कल कुठे असेल हे वाचणाऱ्याने धरूनच चालावं.

पार्श्वभूमी

पाच घरांची मिळून साडेतीनशे-चारशे हापूसची कलमं. वाशीचा माल ट्रान्सपोर्टच्या ट्रकने जातो. कोल्हापूरचा माल मात्र गेली बरीच वर्षं घरच्या पिकअपने जातो, कारण तिथला अडत्या जुना ओळखीचा आहे आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, वेळेवर मिळते. गाडी 2016 सालची, धुराच्या जुन्या बीएस-3 मानकाची डिझेल. एका फेरीत साठ पेट्या, म्हणजे सुमारे बाराशे किलो माल बसतो. दिवसभर तोडणी आणि पॅकिंग करायची, रात्री आठ-नऊला निघायचं, नांदगाव, फोंडा, दाजीपूर, राधानगरी करत पहाटेच्या सौद्याआधी मार्केट यार्ड गाठायचं. जाताना सुमारे दीडशे किलोमीटर, येतानाही तितकेच, आणि येताना गाडी रिकामी.

मार्च ते मे या काळात अशा पंचवीसेक फेऱ्या होतात. मृग लागला की गाडी पडवीच्या बाजूला ताडपत्रीखाली जाते. वर्षातले उरलेले दिवस शेणखत, सिमेंटच्या गोणी, गणपतीचं सामान आणि कधीतरी कणकवली स्टेशनवर चाकरमानी आणायला जाणं, एवढंच काम.

प्रश्न कसा उभा राहिला

2023 च्या दिवाळीत मुंबईचा पुतण्या घरी आला आणि गाडीचा काळा धूर बघून म्हणाला, "काका, आता ही विका. विजेची घेऊया." त्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. डिझेल नव्वदीच्या पुढे गेलेलं, भरलेल्या गाडीला जाता-येता सरासरी तेरा किलोमीटर पडतात, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. विजेच्या छोट्या पिकअपला घरच्या विजेवर दोन रुपयांच्या आसपास. शिवाय आंबा आपण सेंद्रिय म्हणून विकतो आणि तो काळ्या धुरातून नेतो, हे त्याला खुपत होतं.

थोरल्या काकांचा विरोध मालवणीत आणि एका वाक्यात होता: "तीन तास चार्जिंगाक लावलंय तर आंबो थांबतलो काय?"

त्यांच्या डोक्यात 2021 चा मे होता. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा वाडीत कितीतरी दिवस लाईट नव्हती आणि रस्त्यावर झाडं आडवी पडलेली. तेव्हा गोठ्यात ठेवलेल्या दोन कॅन डिझेलवर हीच पिकअप पाण्याच्या टाक्या वाहत होती. पुतण्याने बरोबर बोट ठेवलं की लाईट नसली तर पेट्रोल पंपही बंदच असतो. काका म्हणाले, "पंप बंद आसता, कॅन बंद नसता." वाद तिथेच अडला आणि मला फोन आला.

समोर असलेले पर्याय

चार पर्याय चर्चेत होते: विजेची छोटी पिकअप, नवी बीएस-6 डिझेल पिकअप, आहे ती गाडी दुरुस्त करून साध्या डिझेलवर चालवणं, आणि आहे त्याच गाडीत बायोडिझेलचं मिश्रण. नवी डिझेल गाडी कोणालाच नको होती. धुराचा प्रश्न अर्धा सुटतो आणि कर्ज मात्र पूर्ण लागतं. तिसऱ्या पर्यायाला पुतण्या तयार नव्हता. खरा सामना पहिल्या आणि चौथ्यात होता.

बायोडिझेल म्हणजे काय, हे सांगताना काकांना मी उंडीच्या झाडाची आठवण करून दिली. आपल्या किनाऱ्यावर उंडीचं तेल दिव्यात जळायचं आणि होडीच्या फळ्यांनाही लावलं जायचं. तेलच ते, पण नुसतं तेल आजच्या इंजिनात घालायचं नसतं. ते जाड असतं, इंजिनाच्या इंधन-पिचकारीतून नीट फवारलं जात नाही. त्याची मेथॅनॉल आणि कॉस्टिकबरोबर प्रक्रिया केली की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर डिझेलसारखं पातळ इंधन राहतं. रुडॉल्फ डिझेलच्या बनावटीचं इंजिन 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर चाललं होतं, तेव्हा कल्पना नवी नाही.

काकांनी उत्साहाने खाडीकाठच्या चार उंडींच्या बिया गोळा करून घाण्यावर नेल्या. दोन कॅनही भरले नाहीत. त्यात उंडीच्या तेलात आम्ल जास्त असतं, म्हणून प्रक्रिया दोन टप्प्यांत करावी लागते. घरचं इंधन हा विषय तिथे संपला. बरंच झालं. मोटारीत घालायचं बायोडिझेल आयएस 15607 या मानकाला उतरलेलं असावं लागतं आणि ते परसातल्या पिंपात होत नाही.

राहिलं ते वापरलेल्या खाद्यतेलाचं बायोडिझेल. तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) पंचवीस टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम 2018 पासून आहे, आणि असं तेल गोळा करून इंधनाकडे वळवण्याची मोहीमही त्याच वर्षी सुरू झाली. कोल्हापूरच्या बाजूला एक परवानाधारक उत्पादक होता. गाडी तिकडे जातेच, आणि येताना रिकामीच असते.

वीस चिऱ्यांची चाचणी

पुतण्याने विक्रेत्याकडून जानेवारी 2024 मध्ये चाचणीसाठी गाडी मिळवली. बॅटरी एकवीस युनिटच्या आसपास, मालाची क्षमता सहाशे किलो. जानेवारीत आंबे कुठले? म्हणून अंगणात पडलेले जांभा दगडाचे वीस चिरे भरले, साधारण तेवढंच वजन. मीही गेलो.

सपाटीला गाडी अप्रतिम चालली, हे लिहायलाच हवं. आवाज नाही, धूर नाही, चढाला ओढ अशी की आमच्या चालकाने भुवया उंचावल्या. पण घाटाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली होती आणि कोल्हापूर अजून ऐंशीएक किलोमीटर लांब.

याचं गणित सोपं आहे. गाडी आणि माल मिळून अठराशे किलो, आणि ते सहाशे मीटर वर उचलायचे असं धरलं तर त्यालाच तीन युनिट लागतात. मोटारीतलं नुकसान धरून साडेतीन. म्हणजे बॅटरीचा सहावा हिस्सा नुसता सह्याद्रीने घेतला. डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली दोन तृतीयांश उष्णता म्हणून वाया घालवतं, तरीही एवढा चढ डिझेल गाडीला लिटरभराचाच पडतो. टाकीत पंचेचाळीस लिटर असताना तो लिटर कोणाच्या लक्षातही येत नाही. विजेची मोटार इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी आहे, हे मी वर्गात शिकवत आलो. पण तिच्या पाठीवरची टाकी फार लहान आणि फार जड असते, हे घाटात कळतं.

मग तिथूनच मागे फिरून उतरताना गंमत झाली. ब्रेकमधून वीज परत मिळून बॅटरी तीन-चार टक्क्यांनी वाढली. विक्रेत्याच्या मुलाने पडद्याकडे बोट दाखवलं, पुतण्याचा चेहरा खुलला आणि फोटो निघाले. मला खटकलं, पण का खटकलं ते फोंड्याच्या नाक्यावर चहा घेताना उमगलं: चिरे अजून गाडीतच होते. आमचा माल फक्त वर जातो. उतरताना गाडी रिकामी असते, आणि रिकाम्या गाडीचं वजन परत देऊन देऊन किती वीज देणार? मालासाठी खर्चलेली ऊर्जा आंब्याबरोबर घाटावरच राहते. कोकणातून देशावर जाणाऱ्या प्रत्येक मालवाहू गाडीची हीच गत आहे. उलट्या दिशेने, वरून साखर भरून बंदरावर येणाऱ्याला हाच घाट फायद्याचा ठरेल.

आमची चूक अशी की चिरे माथ्यावर उतरवून ठेवले नाहीत. ठेवले असते तर फोटो निघाले नसते आणि पुढचे दोन महिने वादही झाला नसता.

वहीतला हिशेब

निर्णय शेवटी घाटाने नाही, वहीने केला. काकी गेली कित्येक वर्षं प्रत्येक फेरी, पेट्या आणि डिझेलची पावती लिहून ठेवतात. ती वही आधी कोणी उघडली नव्हती.

सहाशे किलोच्या गाडीत तीस पेट्या. म्हणजे पंचवीस फेऱ्यांच्या पन्नास झाल्या. पन्नास फेऱ्या म्हणजे पंधरा हजार किलोमीटर, दोन रुपयांनी तीस हजार. जुन्या गाडीचे साडेसात हजार किलोमीटर, सात रुपयांनी साडेबावन्न हजार. बचत साडेबावीस हजार. उरलेल्या वर्षातले अडीच हजार किलोमीटर धरून आणखी साडेबारा. एकूण पस्तीस हजार. गाडीची किंमत साडेनऊ लाखांच्या घरात, त्यातलं आठ लाख कर्ज दहा टक्क्यांनी काढलं तर पहिल्या वर्षाचं व्याजच ऐंशी हजार. घाटातल्या बाहेरच्या चार्जिंगचा चढा दर आणि जवळजवळ रोज रात्री जागणारा चालक यात धरलेला नाही.

विजेच्या गाडीतली बचत किलोमीटरमागे होते आणि तिचा खर्च वर्षामागे होतो. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या शहरातल्या टेम्पोला ती परवडते, ते याचमुळे. आंब्याची गाडी अडीच महिने जिवावर उदार होऊन धावते आणि साडेनऊ महिने बसून राहते. बसलेलं जुनं इंजिन व्याज खात नाही. मोठी बॅटरी घेतली तर फेऱ्या कमी होतील हे खरं, पण मग बसून राहणारी रक्कमही मोठी होते. इंधन द्रवरूप असेल तर ऊर्जा साठवण्याचा खर्च म्हणजे एक पिंप. बॅटरीत तोच खर्च गाडीच्या किमतीचा मोठा भाग असतो.

पुतण्याने शेवटचा मुद्दा मांडला तो प्रदूषणाचा. त्याला मी म्हटलं, चिपळूणच्या वर कोयनेची 1960 मेगावॅट जलविद्युत आहे, पण तुझ्या प्लगात तीच येईल असं नाही. देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज अजून कोळशावर होते. हे वाक्य मी जरा जास्तच जोरात बोललो. कारण बायोडिझेलही पूर्ण धुतल्या तांदळासारखं नाही: त्यातलं मेथॅनॉल बहुधा नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासूनच आलेलं असतं, आणि वापरलेलं तेल सगळ्या देशाच्या गाड्यांना पुरणारं नाही. एका पिकअपला मात्र पुरतं.

काय केलं

फेब्रुवारीत ठरलं: गाडी तीच, डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल. पैसे वाचवण्यासाठी नव्हे. भाव जवळजवळ डिझेलइतकाच होता. ही काका-पुतण्यांमधली तडजोड होती.

आधी मेस्त्रीकडून इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदलल्या, कारण बायोडिझेलने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. नोझल साफ करून घेतले; काळा धूर निम्मा त्यानेच गेला, हे पुतण्याला आम्ही लगेच सांगितलं नाही. बायोडिझेल बिलावर आणि तपासणी अहवालासह घेतलं. रस्त्याकडेला 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात मिळणारं तेल बहुधा भलतंच काही असतं आणि इंजिनाच्या इंधन पंपाची वाट लावतं, त्यामुळे या एका बाबतीत मी हट्ट धरला. भरायची पद्धत: आधी डिझेल, मग वरून बायोडिझेल. ते जड असल्याने खाली उतरता उतरता मिसळतं. वीस टक्क्यांना ऊर्जेतला फरक दोनेक टक्के, वहीत तो दिसलाच नाही.

हे करता आलं कारण इंजिन जुनं होतं आणि वॉरंटी कधीच संपलेली. नव्या बीएस-6 गाडीत धुराची जाळी, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, साफ करायला जादा इंधन फवारलं जातं. बायोडिझेल सहज उडत नसल्याने ते सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. साध्या डिझेलच्या मानकातही सात टक्क्यांपर्यंतच मुभा आहे.

काय बिघडलं

तिसऱ्या फेरीत, रात्री अकराच्या सुमारास, अठ्ठावन्न पेट्यांसह गाडी फोंडा घाटात दम सोडू लागली आणि एका वळणावर बंद पडली. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ बायोडिझेलने सुटा केला होता आणि फिल्टर चोंदला होता. बायोडिझेल सुरू केल्यावर हे होतं, हे मला पाठ आहे. मी मेस्त्रीला सांगितलं होतं, चालकाला नाही, आणि गाडीत जादा फिल्टर ठेवायचं कोणालाच सुचलं नाही. खाली फोंड्यातून फिल्टर येऊन, इंधनाच्या नळीतली हवा काढून गाडी सुरू व्हायला चार तास गेले. सौदा चुकला. त्या दिवशीच्या पट्टीत पडलेली तूट वहीत लाल शाईने आहे. काका मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

दुसरी चूक पावसात उघड झाली. पूर्ण पिंप घेतलं तर स्वस्त पडतं म्हणून आम्ही दोनशे लिटर घेतलं होतं. पंचवीस फेऱ्यांना एकूण डिझेल पावणेसहाशे लिटर, त्याचे वीस टक्के म्हणजे एकशे पंधरा लिटर. हे गणित आधीच कागदावर होतं! ऐंशी-पंच्याऐंशी लिटर उरलं आणि जून-जुलैच्या दमट हवेत गोठ्यात राहिलं. बायोडिझेल हवेतली ओल ओढून घेतं. नागपंचमीला झाकण काढलं तेव्हा तळाला पाणी, मध्ये तपकिरी शेवाळासारखा थर आणि आंबूस वास. पिंपात ऊर्जा साठवणं स्वस्त असतं हे मीच सांगितलं होतं. कोकणातल्या चार महिन्यांसाठी ते खरं नाही, ही दुरुस्ती मी इथे नोंदवतो.

2025 चा हंगाम मात्र बिनबोभाट गेला. एका वेळी पन्नास लिटर, तेही लहान कॅनमध्ये, शेवटचा कॅन मेच्या तिसऱ्या आठवड्यात रिकामा. दोन जादा फिल्टर चालकाच्या सीटखाली.

मध्येच आलेली तीनचाकी

2024 च्या दसऱ्याला पुतण्याच्या धाकट्या भावाने, कोणालाही न विचारता, विजेची तीनचाकी मालवाहू रिक्षा घेतली. तो बंदरावरून मासळी उचलून आजूबाजूच्या वाड्यांत फिरतो. रोज तीस-चाळीस किलोमीटर, बारमाही, रात्री पडवीत चार्जिंग. मेमध्ये कलमांपासून पॅकिंगच्या शेडपर्यंत क्रेट वाहायलाही तीच. हिशेब चोख बसतो. खारी हवा तिला सोसत नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर चार्जिंगच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. भरतीचं पाणी येतं त्या खालच्या रस्त्याने तो आता जात नाही, कारण अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 2022 च्या चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्या पेटल्या होत्या, हे त्याला मी दाखवलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

वही पहिल्या दिवशी उघडायला हवी होती. चार महिने आम्ही 'वीज की तेल' यावर भांडलो आणि गाडी वर्षातले किती दिवस धावते हे काकींखेरीज कोणालाच नेमकं माहीत नव्हतं. काकींना विचारलंच गेलं नाही.

काम दोन आहेत हेही उशिरा दिसलं. घाटावरची लांब, जड, हंगामी फेरी एक, आणि वाडीतली रोजची छोटी ने-आण दुसरी. दोन्हींना एकच गाडी हवी, या गृहीताने पर्यायांची यादीच चुकीची झाली. तीनचाकी कोणाच्याच यादीत नव्हती.

हंगामापुरती भाड्याची गाडी घेण्याचा विचारही झाला नाही. ऐन एप्रिलमध्ये भाडी चढतात, पण आकडा तरी काढायला हवा होता.

एक गोष्ट अजून लोंबकळतेच आहे. 2031 साली या पिकअपला पंधरा वर्षं पूर्ण होतील. तिच्या जागी येणारी डिझेल गाडी वीस टक्के बायोडिझेल घेणार नाही, आणि विजेची गाडी तोवर साठ पेट्या घेऊन फोंडा घाट चढेल का, हे पुतण्या दर दिवाळीला नव्या मॉडेलचे कागद आणून तपासतो. गेल्या दिवाळीला त्याने काकांना तेच विचारलं. काका पिंपावर खडूने तारीख घालत होते. म्हणाले, "तवसर मी आसय काय, ता आधी बघ."